नाक कोल्हापूरला, छाती बेळगावला, पाठ निपाणीत

हे प्रकरण माझ्या आत्तीचं आहे. तिला विचारून लिहिते आहे. "नाव तेवढं घालू नगंस," एवढीच तिची अट, म्हणून इथे ती आत्तीच.

मी जीवरसायनशास्त्राची संशोधक. बेळगावला बी.एस्सी., धारवाडला एम.एस्सी. आणि नंतरची वीस-बावीस वर्षं मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत, एकाच कुळातल्या रेणूंच्या मागे. शरीरात दाह पेटवणारी आणि दम्यात श्वासनळ्या आवळून धरणारी स्निग्ध द्रव्यं हा माझा विषय. त्यातल्या एका द्रव्याचं लघवीतलं प्रमाण मोजणं हे तर माझं रोजचं काम. आणि त्याच द्रव्यापायी माझी आत्ती निपाणीतल्या घरात नऊ वर्षं रात्री-अपरात्री गुदमरत होती. दर रविवारी मी तिच्याशी फोनवर बोलत होते, तरी मला ते कळलं नाही. का कळलं नाही आणि शेवटी कसं कळलं, ते सगळं मांडते. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात अशा बायका-माणसं आणखी असणार, याबद्दल मला शंका नाही.

आत्ती चौदाव्या वर्षी तंबाखूच्या वखारीत लागली. वखार ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना सांगते: तंबाखू चाळायला लागले की वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात धूळ उभी राहते, भिंतीसारखी. बायका पदर नाकावरून घेऊन मागे गाठ मारतात. संध्याकाळी पदर सोडला की नाकापुढचा भाग तपकिरी झालेला असतो. लग्नानंतर ती घरीच विड्या वळू लागली. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात भिजवलेली पानं. कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर. हजार विड्या म्हणजे दिवसभर मांडी घालून पुढं वाकून बसणं. तिची कंबर आणि पाठ तिथंच गेली.

वासावरून जर्दा कुठल्या प्रतीचा ते सांगण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, २००६ च्या पावसाळ्यात, तिला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. नाक सतत चोंदलेलं. वर्षभरात वास पूर्ण गेला. आमटी तळाला लागून घरभर धूर झाला तरी ही चुलीपुढं बसून विड्या वळत होती. सगळ्यांनी एकच निदान केलं: तंबाखूनं नाक मारलं. मीही तेच म्हटलं.

पुढं नाकात मांस वाढलं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंच्याहत्तरच्या आसपास. शिवाय कोल्हापुरात नातेवाईक आहेत, दवाखान्यात मराठीत बोलता येतं. म्हणून २०१२ मध्ये नाकाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. दोन्ही नाकपुड्यांतले पॉलिप काढले. दोन वर्षांत ते परत आले.

मधल्या काळात, २००९ मध्ये, दमा सुरू झाला होता. त्याची फाइल बेळगावची, कारण वहिनीचं, म्हणजे आत्तीच्या सुनेचं, माहेर बेळगावातल्याच शहापूरचं आणि पहिला मोठा झटका तिथं एका बारशाला गेली असताना आला. त्या फाइलवर व्यवसायाच्या रकान्यात 'विडी कामगार' लिहिलं आहे आणि त्याखाली दम्याचं कारण म्हणून धूळ. यात चूक कुणाची काढावी असं मला वाटत नाही. विडी कामगार बाई घरघरत्या छातीनं समोर आली तर दहातले नऊ डॉक्टर तेच लिहितील.

आणि पाठ? पाठीची फाइलच नाही. पाठदुखीसाठी निपाणीतल्याच औषधाच्या दुकानातून गोळी यायची. "पाठीची दे" म्हटलं की मिळायची, पैसे उधारीच्या वहीत. कधी डायक्लोफिनॅक, कधी आयब्युप्रोफेन, कधी दोन औषधं मिसळलेली गोळी. रोज नाही, विड्यांचा भरणा द्यायच्या आधी जागून काम झालं की, नाहीतर सणावाराला स्वयंपाकघरात उभं राहून कंबर धरली की.

तेव्हा नाक कोल्हापूरला, छाती बेळगावला, पाठ निपाणीत. दोन राज्यं, तीन ठिकाणं. तिन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत आणि आजाराचं खरं नाव त्या तिघांच्या बेरजेत होतं.

२०१८ च्या गौरी-गणपतीला मी निपाणीत होते. गौरीच्या जेवणाचा दिवस. विडीचं काम चार दिवस बंद, सुपं माळ्यावर, घर धुऊन पुसून लख्ख. धूळ म्हणावी अशी घरात नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवते आहे. आत्ती पहाटेपासून पुरण वाटत, पोळ्या लाटत उभी होती. पंगत उठल्यावर सोप्यात भिंतीला टेकून बसली, पाण्याबरोबर काहीतरी गिळलं आणि आम्ही बोलत बसलो. साधारण पाऊण तास गेला असेल. आधी तिच्या नाकातून पाणी गळायला लागलं, टपटप. मग डोळे लाल. मग गालावर, गळ्यावर, छातीच्या वरच्या भागावर तांब्यासारखी लाली चढली. आणि त्यानंतर, त्यानंतरच, श्वासाला शिट्टी लागली.

हा क्रम मी ओळखत होते. परिषदांत मी तो पडद्यावर दाखवला होता. नाक, डोळे, लाली, छाती. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासानं ते तीन तासांच्या आत.

"आत्ती, मघाशी काय गिळलंस?"

ती बोलू शकत नव्हती. वहिनी म्हणाली, "पाठीची गोळी घेतली की. नेहमीचीच."

रिक्षा बोलावली, पंपाचे दाब देत देत दवाखाना गाठला, ऑक्सिजन लागला, रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं. वहिनी त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि दवाखान्याचा खर्च लिहिते. दवाखान्याच्या दिवशी नुसतं 'डॉ.' आणि आकडा. दोन वर्षांची कॅलेंडरं घरात होती. मग मी औषधाच्या दुकानात जाऊन उधारीची वही मागितली. दुकानदार भला माणूस, त्यानं वही पुढं सरकवली. मी तारखा शेजारी शेजारी लिहून काढल्या. अकरा वेळा 'डॉ.' होतं. त्यातल्या नऊ वेळा आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी गोळ्यांची उधारी होती. उरलेल्या दोन्ही भर थंडीतल्या, दोन्ही वेळा घरात सगळेच तापानं पडले होते. आणि तापावरची गोळी कुणाच्या पाकिटातून कुणी घेतली याचा हिशोब कोण ठेवतं?

वखारीशेजारून गेल्यावर तिला खोकला येतो, हेही खरंच आहे. तंबाखूची धूळ श्वासनळ्यांना त्रास देते आणि त्या धुळीचं समर्थन मी कधी करणार नाही. पण ऑक्सिजनपर्यंत नेणारे झटके धुळीचे नव्हते.

आता यामागचं रसायन. मला हे सांगताना आजही तितकंच थक्क व्हायला होतं.

प्रत्येक पेशीच्या आवरणात चरबीचे रेणू असतात आणि त्यांत ॲराकिडॉनिक आम्ल अडकवून ठेवलेलं असतं: वीस कार्बनची साखळी, चार दुहेरी बंध. पेशीला धोक्याची खूण मिळाली की एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे आम्ल आवरणातून कापून मोकळं करतं. पुढं त्याला दोन मुख्य वाटा. एका वाटेवर सायक्लोऑक्सिजनेज नावाचं विकर त्याची प्रोस्टाग्लँडिनं बनवतं; ताप, ठणका, सूज यांत त्यांचा हात. दुसऱ्या वाटेवर ५-लायपॉक्सिजनेज त्याची ल्युकोट्राइनं बनवतं. ही श्वासनळीभोवतीचा स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजवतात, चिकट कफ वाढवतात. श्वासनळी आवळण्यात सी-४ आणि डी-४ ही ल्युकोट्राइनं, ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याच्या सुमारे हजारपट जोरकस आहेत.

या द्रव्याची पहिली खूण नागाच्या विषातून मिळाली. १९३८ मध्ये मेलबर्नला फेल्डबर्ग आणि केलावे यांनी प्राण्यांच्या फुप्फुसांतून नागाचं विष सोडलं आणि बाहेर आलेला द्रव गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकला. हिस्टामिननं तो तुकडा झटकन आवळतो आणि झटकन सैल होतो. हा मात्र सावकाश आवळला आणि आवळलेलाच राहिला. त्यांनी त्याला 'सावकाश क्रिया करणारं द्रव्य' म्हटलं. पुढं ब्रॉकलहर्स्ट यांनी ॲलर्जीच्या संदर्भात त्याचा पाठपुरावा केला. पण हा रेणू आहे तरी कसा, हे चाळीस वर्षं कुणालाच सांगता आलं नाही, कारण तो मिळायचा तो कणभर, आणि तोही हवा लागली की बिघडायचा. नागाच्या विषात ते ॲराकिडॉनिक आम्ल कापून मोकळं करणारं विकरच भरपूर असतं, ही संगती नंतर लागली.

ती कोंडी १९७९ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत फुटली. बेंग्त सॅम्युएलसन, रॉबर्ट मर्फी आणि स्वेन हामरस्ट्रोम यांनी उंदराच्या मास्ट पेशींच्या, म्हणजे ॲलर्जीत दाहाची द्रव्यं सोडणाऱ्या पेशींच्या, गाठीतून हे द्रव्य वेगळं केलं आणि दाखवलं की ॲराकिडॉनिक आम्लाच्या साखळीला गंधकाच्या धाग्यानं अमिनो आम्लांचा तुकडा जोडला गेला की हे तयार होतं. ल्युकोट्राइन हे नाव सॅम्युएलसन यांचंच: 'ल्युको' पांढऱ्या पेशींवरून आणि 'ट्राइन' एकाआड एक आलेल्या तीन दुहेरी बंधांवरून. त्या तीन बंधांमुळं अतिनील प्रकाशात २८० नॅनोमीटरच्या आसपास या द्रव्याची रेघ एक उंच शिखर आणि दोन्ही अंगांना दोन खांदे अशी दिसते. मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नमुन्यातून ते शिखर कागदावर उमटलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी तो कागद उशाशी घेऊन झोपले होते. सॅम्युएलसन, त्यांचे गुरू सुने बर्गस्ट्रॉम आणि इंग्लंडचे जॉन व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. सॅम्युएलसन २०२४ च्या जुलैत नव्वदाव्या वर्षी वारले.

व्हेन यांचं काम या प्रकरणाशी थेट जोडलेलं आहे. ॲस्पिरिन काम कसं करतं हे त्यांनी १९७१ मध्ये दाखवलं: ते प्रोस्टाग्लँडिनांची वाट अडवतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांचीही तीच करणी. आणि ॲस्पिरिननं काही दमेकऱ्यांना झटका येतो, ही गोष्ट तर त्याच्याही आधीपासून माहीत होती. फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्ये, मग अमेरिकेत सॅम्टर आणि बिअर्स यांनी १९६८ मध्ये तिन्ही लक्षणं एकत्र मांडली: नाकात पॉलिप, दमा, ॲस्पिरिन न सोसणं. या त्रयीला सॅम्टर यांचंच नाव पडलं. आमच्या आत्तीचे तीन कागद, एकाच ओळीत.

पण माझ्या मनाला सर्वांत जवळचा वाटतो तो पोलंडमधल्या क्राकोचा डॉक्टर, आंद्रेय श्चेक्लिक. झटका आणणाऱ्या गोळ्यांची रासायनिक घडण एकमेकींशी मुळीच जुळत नाही, मग ही ॲलर्जी कशी, हा प्रश्न तेव्हा होता. श्चेक्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की प्रोस्टाग्लँडिनांची वाट अडवणाऱ्या गोळ्यांनीच झटका येतो, न अडवणाऱ्यांनी येत नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या आणि उत्तर दिसलं. निपाणीत कॅलेंडर आणि उधारीची वही शेजारी ठेवून बसले होते तेव्हा मला त्यांचीच आठवण येत होती.

झटका नेमका का येतो, हे वर्गात सांगताना मी उसाच्या पाटाची उपमा द्यायची. एका सरीचं दार लावलं की पाणी दुसऱ्या सरीत घुसतं. तसं प्रोस्टाग्लँडिनांचं दार लावलं की आम्ल ल्युकोट्राइनांकडं वळतं. आमच्याकडच्या पोरांना हे लगेच पटतं, कारण घरोघरी कुणी ना कुणी दारं धरायला गेलेलं असतं. पण ही उपमा अपुरी आहे. एवढंच असतं तर ॲस्पिरिन घेणाऱ्या प्रत्येकालाच दमा झाला असता. प्रोस्टाग्लँडिनांतलं ई-२ हे द्रव्य दुसऱ्या वाटेला आवर घालतं; मास्ट पेशींना आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींना ते शांत ठेवतं. या रुग्णांच्या श्वासनळ्यांत आणि नाकाच्या अस्तरात अशा पेशी मुळातच दाटीनं जमलेल्या असतात, ल्युकोट्राइन सी-४ बनवणारं विकर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि ई-२ चा आवरही आधीच कमी पडलेला असतो. त्यात गोळी घेतली की उरलासुरला आवर सुटतो. शरीर या ल्युकोट्राइनांची विल्हेवाट लावतं तेव्हा शेवटी ई-४ उरतं आणि लघवीतून बाहेर पडतं. मी मोजते ते हेच.

यातून एक गोष्ट निघते, जी रुग्णांना सांगायला हवी: गोळी बंद केली म्हणून आजार जात नाही. ल्युकोट्राइनांचा हा ओघ गोळी नसतानाही चालूच असतो. गोळी त्यात फक्त पूर आणते.

आता माझी चूक. आत्ती फोनवर सांगायची, "परवा रात्री दम भरला होता गं." आणि मी विचारायची, "धुळीत गेली होतीस का?" दर वेळी हेच. ती म्हणायची, हो, गेले असेन. विडीच्या घरात धूळ नाही असा दिवस कुठला? माझ्या प्रश्नातच उत्तर होतं आणि ती ते मला परत देत होती. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या अर्जावर आम्ही विचारतो: गेल्या चोवीस तासांत कोणती वेदनाशामक गोळी घेतली? हा अर्ज मीच तयार केला होता. आत्तीला तो प्रश्न मी विचारला नाही, कारण ती माझ्यासाठी रुग्ण नव्हती. ती तंबाखूनं थकलेली आत्ती होती, आणि तिच्या दम्याचं कारण मला लहानपणापासून ठाऊक होतं असं मी धरून चालले होते. आत्तीनंही गोळीबद्दल कधी आपणहून सांगितलं नाही. ती म्हणते, "पाठीची गोळी पाठीला. छातीचा तिच्याशी काय संबंध?" हा तिचा तर्क सरळ आहे.

दसऱ्यानंतर आम्ही तिन्ही ठिकाणचे कागद एका पिशवीत घालून बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. कोल्हापूरच्या ऑपरेशनचा अहवाल, बेळगावची फाइल आणि उधारीच्या वहीवरून मी उतरवलेली यादी. डॉक्टरांनी ती यादी दोनदा वाचली. त्यांनी आत्तीला कन्नडमिश्रित मराठीत एकेक झटका विचारत नेला: काय खाल्लं, किती वेळानं, आधी नाक की आधी छाती. या आजाराचं निदान पक्कं करणारी रक्ताची चाचणी नाही. खात्री करायची तर दवाखान्यात देखरेखीखाली अगदी थोड्या मात्रेपासून ॲस्पिरिन देऊन पाहतात. पण फुंकरीच्या चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ७० टक्क्यांच्या खाली असली तर हा धोका पत्करत नाहीत. आत्तीची त्याखालीच होती, आणि इतिहास इतका स्पष्ट की डॉक्टर म्हणाले, मुद्दाम झटका आणून बघायची गरज नाही.

तिच्या लघवीचा नमुना मात्र मी घेतला, तिला समजावून, तिच्या संमतीनं. सकाळचा नमुना, थर्मासमध्ये बर्फ, त्यात नळी, आणि रात्रीची बस. मांडीवर थर्मास धरून बसले होते. ई-४ चं प्रमाण आमच्या निरोगी गटाच्या कितीतरी पट वर आलं. निदान त्यावर झालं नाही, व्हायलाही नको; नुसत्या ई-४ वरून हा आजार ठरत नाही. पण यंत्राच्या पडद्यावरचं ते शिखर माझ्या माणसाचं होतं. हजारो नमुने मोजले, त्या दिवसाआधी मी कधी रडले नव्हते.

उपचारांत पहिलं काम म्हणजे त्या जातीच्या गोळ्या पूर्ण बंद. पाठीसाठी पॅरासिटामॉल, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण मोठ्या मात्रेत काहींना त्याचाही त्रास होतो. पहिली मात्राही दवाखान्यात बसवून दिली. रोज सकाळ-संध्याकाळ स्टेरॉइडचा पंप. याआधी ती दम लागला की निळा पंप ओढायची आणि बाकीचे दिवस काहीच नाही. रोजच्या पंपाची सवय लागते अशी भीती गल्लीत पक्की बसलेली आहे. ती भीती काढायला मला आणि वहिनीला दोन महिने लागले. नाकात स्टेरॉइडचा फवारा. आणि माँटेलुकास्ट.

माँटेलुकास्टबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. ल्युकोट्राइनांचा श्वासनळीवरचा हात अडवणारं हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत घडलं आणि नावातलं 'माँट' तिथलंच. नागाच्या विषापासून निघालेली वाट जिथं एका गोळीपर्यंत पोचली, ती ही गोळी. आत्तीला ती लागू पडावी अशी माझी फार इच्छा होती. पहिल्या महिन्यात तिचं नाक मोकळं झालं, रात्रीचा खोकला उतरला. दुसऱ्या महिन्यात वहिनीचा फोन आला: आत्ती झोपेत ओरडून उठते, विहिरीची स्वप्नं पडतात म्हणते, दिवसा उगीच रडते. मी आधी ते मानायला तयार नव्हते. डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी गोळी थांबवायला सांगितली. दोन-तीन आठवड्यांत झोप पूर्ववत झाली. एका माणसाच्या अनुभवावरून सिद्ध काहीच होत नाही. अनेकांना ही गोळी वर्षानुवर्षं विनातक्रार चालते. पण मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मन आणि झोपेवरच्या परिणामांबद्दल या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो वाचताना मला वहिनीचा फोन आठवला. ज्या रेणूवर मी आयुष्य घातलं, त्याच्यावरचं औषध माझ्या आत्तीला सोसलं नाही. तिला खरं तारलं ते रोजच्या पंपानं आणि गोळी टाळण्यानं.

जगभरच्या अभ्यासांची एकत्रित आकडेवारी सांगते की प्रौढ दमेकऱ्यांत सुमारे ७ टक्क्यांना हा त्रास असतो, आणि तीव्र दमा असलेल्यांत सुमारे १५ टक्क्यांना. म्हणजे बहुसंख्य दमेकऱ्यांना या गोळ्यांनी काही होत नाही. हे वाचून कुणी हृदयविकारासाठी चालू असलेलं ॲस्पिरिन आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. पण मोठेपणी सुरू झालेला दमा, सतत चोंदलेलं नाक आणि गेलेला वास, हे तिन्ही जिथं एकत्र आहे तिथं गोळीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि तो प्रश्न "तुम्हाला औषधाची ॲलर्जी आहे का?" असा विचारून चालत नाही. आत्तीनं याला नऊ वर्षं "नाही" असंच उत्तर दिलं असतं. "गेल्या झटक्याच्या दिवशी अंग दुखतंय म्हणून काही घेतलं होतं का?" असं विचारायला हवं.

आत्तीचे उपचार सुरू झाल्यानंतरच्या पंधरा महिन्यांत तिला दवाखान्यात न्यावं लागलं ते एकदाच, आणि ती चूक आमच्या कागदाची होती. मी आत्तीच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवली होती, न घ्यायच्या गोळ्यांच्या नावांची. नावं मी निपाणीच्या दुकानात मिळणाऱ्या पाकिटांवरची लिहिली होती. २०१९ च्या डिसेंबरात संकेश्वरला लग्नात तिची दाढ दुखायला लागली. एका नातेवाईक बाईनं आपल्या पर्समधली गोळी दिली. आत्तीनं विचारलं, ही त्या कागदावरची न्हवं का? त्या बाईनं चिठ्ठी वाचून बघितली आणि म्हणाली, ही वेगळी आहे, नाव बघा की. पाकिटावरचं नाव खरंच वेगळं होतं. आत डायक्लोफिनॅकच होतं. अक्षता पडायच्या आधी आत्ती गाडीत होती.

आता कागद नवा आहे. त्यावर पाकिटावरची नावं नाहीत, औषधांची मूळ नावं आहेत, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ती कुठं शोधायची ते चित्र काढून दाखवलं आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि गोळ्यांची नावं इंग्रजी अक्षरांतही, कारण पाकिटावर ती तशीच असतात. कन्नड बाजू वहिनीच्या भावानं लिहून दिली. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ आहे: 'दुखण्यावरची कोणतीही गोळी किंवा इंजेक्शन देण्याआधी हे वाचा. हिला दमा आहे.' त्याच्या तीन प्रती केल्या आहेत. एक आत्तीच्या कमरेच्या पिशवीत, पानाच्या डबीशेजारी. एक स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला. आणि एक औषधाच्या दुकानदारानं आपणहून मागून घेतली. ती त्यानं उधारीच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवली आहे.